‘शंभर वर्षांचं दुकान’ म्हणजे नेमकं काय? चाटी गल्लीच्या निमित्ताने

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सोलापुरात चाटी गल्लीत तुमच्या पणजोबांचं कापडाचं दुकान होतं, ते नव्वदच्या दशकात बंद झालं. पाटी माळ्यावर आहे, तिच्यावर ‘स्थापना शके १८४२’ आहे. वडील मात्र दुकान सव्वाशे वर्षांचं असल्याचं सांगतात. शेजारी एक खानावळ होती, बोळाच्या तोंडाशी शिंदीचं, म्हणजे शिंदीच्या झाडापासूनच्या दारूचं, दुकान होतं, असं आजी सांगायची. या सगळ्याचा इतिहास लिहायचा आहे, घरात कागद फारसे नाहीत, आणि गल्लीतल्या कुणाचं मन दुखवायचं नाही.

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे उत्तर कुठे थोडं जपून घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी सोलापुरात वकिली करतो, दिवाणी बाजूची. जुन्या पेठांतल्या मिळकतींचे टायटल सर्च, म्हणजे जुन्या कागदांवरून मालकी तपासणं, हे रोजचं काम. इतिहासाची पदवी नाही. पण एखादं दुकानगाळ्याचं प्रकरण मागे मागे नेत गेलं की पेठ कशी बदलली ते आपोआप दिसत जातं, आणि ते बघायची खोड लागली ती लागलीच. त्यामुळे माझा भर कागदावर जास्त असतो. आठवणींवर काम करणारा माणूस तुम्हाला वेगळा रस्ता सांगेल.

तुम्ही विचारलंय, ‘खरं साल कोणतं?’ माझ्या मते अडचण सालाची नाहीच. ‘दुकान’ या एका शब्दाखाली आपण चार गोष्टी बांधून ठेवतो: इमारत, धंदा, पाटीवरचं नाव आणि धंदा करणारं कुटुंब. चौघांचे जन्म वेगवेगळे, मरणंही वेगवेगळी. शके १८४२ म्हणजे १९२० च्या पाडव्यापासून १९२१ च्या पाडव्यापर्यंतचं वर्ष. त्या वर्षी पाटीवरचं नाव सुरू झालं, एवढंच पाटी सांगते. सोलापूरच्या बाजारात नवी पाटी लागण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे भागीदारी फुटणं किंवा भावाभावांत वाटणी होणं. तेव्हा १९२० च्या आधी वीस-पंचवीस वर्षं तुमचं कुटुंब दुसऱ्या नावाने किंवा दुसऱ्याच्या गादीवर कापड विकत असेल, तर वडीलही खरे आणि पाटीही खरी.

पाटीबद्दल अजून एक. ती स्वतः १९२० ची असेलच असं नाही. साल पुढच्या पाटीवर जसंच्या तसं उतरवतात. पाटी खाली घ्या आणि तिरप्या उजेडात बघा. जुन्या रंगाखालची अक्षरं उठून दिसतात. खालच्या कोपऱ्यात पेंटरची सही असते, त्याचं नाव सापडलं तर त्याच्या हातच्या दुसऱ्या पाट्यांवरून काळ लागतो. गावाचं नाव ‘शोलापूर’ असेल तर जुनी. पिनकोड असेल तर १९७२ नंतरची, कारण पिनकोडच त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला आला. हाच हिशेब बिलबुकं आणि लेटरहेडांना लावायचा. विक्रीकराचा नंबर छापलेला असला तर १९४६ नंतरचं. रक्कम रुपये-आणे-पैत असेल तर बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, ‘न.पै.’, म्हणजे नवे पैसे, असेल तर त्यानंतरचं. ‘बहुधा’ एवढ्यासाठी म्हणतो की जुने दुकानदार पुढेही बराच काळ आण्यातच बोलत, आणि काही तर लिहीतही.

घरात वहीचं एखादं पान जरी सापडलं तरी फेकू नका. तुमचं घराणं लिंगायत असेल तर खातं कानडीत असण्याची शक्यता धरा, गुजराती-मारवाडी असेल तर त्यांच्या लिपीत, मराठी असेल तर मोडीत. दिवाळीच्या पाडव्याला वही घालणाऱ्यांच्यात विक्रम संवत असतो: त्यातून ५७ वजा करा, जानेवारीपासून पुढची नोंद असेल तर ५६. आणि रकमेपुढे ‘हाली’ असं दिसलं तर उडीच मारा. ते निजामाच्या राज्यातलं नाणं. तुळजापूर तेव्हा निजामाच्या हद्दीत होतं, म्हणजे सोलापूरच्या बाजारातलं बरंचसं गिऱ्हाईक परक्या राज्यातून यायचं. सात हाली रुपयांना साधारण सहा इंग्रजी रुपये असा भाव होता. चाटी गल्लीतला दुकानदार नुसतं लुगडं विकत नव्हता, उभ्या उभ्या चलनाचा हिशेबही करत होता. माझ्या दृष्टीने ‘स्थापना’ या शब्दापेक्षा ही एक नोंद शंभरपटीने मोलाची आहे.

आता कागद कुठे मिळतील ते. हे सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे: जागा तुमच्या मालकीची होती की भाड्याची? सोलापूरच्या बाजारातले बरेच जुने दुकानदार भाडेकरू होते आणि आहेत. मालकीची असेल तर नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेची, म्हणजे प्रॉपर्टी कार्डाची नक्कल काढा. ऑनलाइन मिळणाऱ्या ताज्या उताऱ्यावर थांबू नका. जुनं हस्तलिखित पत्रक मागा, कारण मूळ धारकाचं नाव आणि मग खरेदी, वारस, वाटणी, गहाण असा एकेक फेरफार तारखेसह तिथे असतो. भाड्याची जागा असेल तर या कागदावर तुमच्या पणजोबांचं नावही दिसणार नाही. घाबरू नका. त्यासाठी महापालिकेच्या कर आकारणीच्या जुन्या वह्या असतात. तिथे मालक आणि भोगवटादार असे दोन वेगळे रकाने असतात, आणि भोगवटादाराच्या रकान्यात दुकानदार सापडतो. सोलापूरला नगरपालिका १८५२ पासून आहे आणि महापालिका १ मे १९६४ पासून. पण जुन्या वह्या किती टिकल्यात ते पेठेपेठेप्रमाणे बदलतं. काही पेठांच्या छान आहेत, काहींच्या वाळवीने वाचून संपवल्यात.

‘गुमास्ता’ म्हणजे शॉप ॲक्टचं लायसन हे पुराव्यासाठी उत्तम, पण त्याने एक फसगत होते. तो जुना कायदा १९४८ चा, २०१७ मध्ये त्याच्या जागी नवा आला. त्याच्या नोंदीवरचं साल बघून ‘दुकान १९५० चं’ म्हणायचं नाही. तिथे आधीपासून चालत आलेल्या दुकानांनीही तेव्हाच नावं घातली.

आणि आता माझी सगळ्यात आवडती जागा, दुय्यम निबंधकाचं कार्यालय. नोंदणी कायद्याप्रमाणे स्थावर मिळकतीच्या दस्तांचं पुस्तक क्रमांक १ आणि त्याची सूची फी भरून कुणालाही बघता येते. मृत्युपत्रांचं पुस्तक ३ मात्र तसं मिळत नाही. त्यामुळे कुणी ‘तुमचा काय संबंध’ म्हणालं तर न भांडता कायद्याकडे बोट दाखवा. तिथे तुमच्याच दुकानाचा दस्त शोधून थांबू नका, शेजाऱ्यांचे दस्तही बघा. प्रत्येक खरेदीखतात चतुःसीमा असते. नमुन्यादाखल सांगायचं तर ती अशा धाटणीची असते: ‘पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस सामाईक बोळ व त्यात उतरत्या पाण्याचा हक्क, दक्षिणेस अमक्याची खानावळ, उत्तरेस तमक्याचे कापडाचे दुकान, आत तळमजला पाच खणी माळवदी, वर पत्र्याची माडी.’ वकिलाला यातून सीमा कळते. तुम्हाला यातून अख्खी गल्ली कळेल. शेजारच्या चार-पाच मिळकतींचे वेगवेगळ्या दशकांतले दस्त काढून एकापुढे एक मांडले की दक्षिणेची खानावळ कधी आली आणि कधी गेली ते स्वच्छ दिसतं, आणि खानावळवाल्याने स्वतः एकही कागद ठेवलेला नसला तरी दिसतं. विस्तव मागायला येणाऱ्या शेजारणीला घरातलं जास्त ठाऊक असतं, तसंच आहे हे.

मोडीतले दस्त लागले तर अंदाजाने वाचू नका. मोडी जाणणारा माणूस गाठा. पुराभिलेख संचालनालयाच्या वर्गांतून शिकलेले लोक आता गावोगाव आहेत.

इमारतीकडे यातून वेगळं बघायचं. जागेवर जा, पण पुढचा दर्शनी भाग बघून साल ठरवू नका. शटर, टाइल्स, ग्लो-साइन हे सगळं कालचं असतं. मागच्या बोळात जा, जिन्याखाली वाका, छत बघा. सोलापूरची जुनी पद्धत म्हणजे काळ्या दगडाचा पाया, जाड मातीच्या नाहीतर दगडी भिंती, लाकडी तुळया-खांब आणि वर पांढऱ्या मातीचं माळवद, म्हणजे सपाट धाबं. घर मोजायचं ते खणात, म्हणजे दोन तुळयांमधल्या अंतरात. रेल्वे १८६० ला सोलापुरात आली आणि बाहेरचं सामान सुरू झालं: शहाबादी फरशी, मंगलोरी कौलं, लोखंडी गर्डर. हे शेवटचे दोन म्हणजे बोलके साक्षीदार. मंगलोरी कौल उलटं करा, कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. ‘बासेल मिशन’ असेल तर तो कारखाना १८६५ चा, म्हणजे छप्पर त्याच्या आधीचं असूच शकत नाही. गर्डरच्या पोटाला टॉर्च लावा, विलायती कंपनीचा छाप बऱ्याचदा वाचता येतो. ‘टाटा’ असेल तर १९१२ नंतरचा, कारण त्यांचं पोलाद त्या वर्षापासून निघायला लागलं. अर्थात जुना गर्डर नव्या घरात बसवतात, आपले लोक काही टाकत नाहीत. म्हणून छापावरून ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच ठरतं, ‘याच सालचं’ असं ठरत नाही.

अजून एक तारीख लक्षात ठेवा: ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. सोलापूर हादरलं होतं. माळवदी घरांत राहायची भीती त्यानंतर बसली आणि पुष्कळांनी माळवद उतरवून स्लॅब टाकला. एखादी माडी ‘आजोबांच्या वेळची’ म्हणून दाखवली आणि छत काँक्रीटचं दिसलं, तर ‘भूकंपाच्या आधी इथे काय होतं?’ असा साधा प्रश्न विचारा. बोलणं आपोआप मागे जातं.

आता खानावळ. इथे कागद कमी पडतात, आणि खरं तर इथेच तुमच्या लेखाचा जीव आहे.

सोलापूरची खानावळ समजायची तर गिरणी समजली पाहिजे. मोरारजी गोकुळदासांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी १८७७ साली सुरू झाली. तीच आपली ‘जुनी गिरणी’. मागून लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी, जाम अशा गिरण्या आल्या. आजूबाजूच्या तालुक्यांतून, कर्नाटकाच्या बाजूने, तेलंगणातून माणसं आली. कुटुंब गावाकडे ठेवून एकटा आलेला गडी दोन वेळ जेवणार कुठे? त्याच्यासाठी खानावळ. तिची वेळ घड्याळावर चालत नव्हती, गिरणीच्या भोंग्यावर चालत होती. पाळी सुटली की पंगत. आणि पैसे पगाराला. म्हणजे महिनाभर खानावळवाला कामगाराला उधार जेवू घालायचा आणि किराणावाला खानावळवाल्याला उधार ज्वारी द्यायचा. या साखळीत तुमच्या पणजोबांचं दुकानही आलं: लग्नाचं कापड, दिवाळीचं धोतर, सगळं पगाराच्या भरवशावर. म्हणून मी तर म्हणेन, तुमच्या गल्लीचा इतिहास लिहिताना दुकानांची साखळी लावू नका, उधारीची लावा. कोण कुणाला किती दिवस थांबायचा, एवढं कळलं की गल्लीत कुणाचं वजन किती ते कळतं.

ही साखळी तुटते तेव्हा काय होतं याचा सोलापुराइतका ठसठशीत दाखला महाराष्ट्रात कमी. ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी गिरणी बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून कारभार हाती घेतला. गैरकारभारामुळे जीवनावश्यक मालाचं उत्पादन अडलं आणि मोठी बेकारी झाली, असं कारण त्यात दिलंय. त्यावर भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्यघटना नुकतीच लागू झाली होती, त्यामुळे समानता आणि मालमत्तेच्या हक्कावरचे सुरुवातीचे मोठे निवाडे या आपल्या जुन्या गिरणीवरून झाले. कायद्याची मुलं आजही चिरंजितलाल चौधरी आणि द्वारकादास श्रीनिवास ही नावं पाठ करतात, पण त्यातली ‘शोलापूर’ कंपनी म्हणजे मुरारजी पेठेकडची ती गिरणी हे कितींना माहीत असतं कुणास ठाऊक. असो. तुमच्या कामाचं एवढंच की १९४९-५० च्या आसपास आणि मग नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू बंद पडली त्या सुमाराचे गल्लीतले दस्त मुद्दाम बघा. गहाणखतं, भाडेकरू बदलल्याच्या नोंदी, दुकानाचे दोन गाळे झालेले. तुमचं दुकान नव्वदच्या दशकातच बंद झालं म्हणता. कारण घरातल्या भांडणात शोधण्याआधी गिऱ्हाइकाच्या पगारात शोधा. मला निकाल माहीत नाही, पण दिशा तिकडे आहे असं वाटतं.

खानावळीबद्दल एक प्रश्न लोक टाळतात, तो तुम्ही टाळू नका: आत बसून जेवायची मुभा कुणाला होती? खानावळी जातीवार होत्या. लिंगायत खानावळ, ब्राह्मणी खानावळ, मराठा खानावळ, मुसलमान हॉटेल. दलित गिऱ्हाइकाला बाहेर बसवून वेगळ्या कपात चहा देणं हे ‘जुन्या वळणाचं’ म्हणून गोड करून सांगितलं जातं. अस्पृश्यतेचा गुन्हा ठरवणारा केंद्राचा कायदा १९५५ चा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने दलित विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं ते सोलापुरात, ४ जानेवारी १९२५ ला. शिकायला आलेल्या पोराला गावात राहायला-जेवायला जागा नव्हती म्हणूनच ते काढावं लागलं. तुमची पाटी १९२० ची, म्हणजे हे सगळं तुमच्या दुकानाच्या डोळ्यांदेखत झालं. हा भाग गाळलात तर लेख वाचायला गोड होईल, पण अर्धाच राहील. ज्या वस्त्यांतले लोक तेव्हा दाराबाहेर होते त्यांच्या घरी जाऊन विचारा. खानावळवाल्याच्या नातवाला ते माहीत नसतं.

शिंदीच्या दुकानाला आपण लाजतो, त्यामुळे त्याचा इतिहास सगळ्यात आधी पुसला जातो. कागदोपत्री मात्र ते सोपं आहे, कारण दारूतून सरकारला पैसा मिळायचा आणि जिथे सरकारचा पैसा तिथे नोंद चोख. मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा १८७८ चा, त्याखाली झाडांवर कर आणि दुकानांचे मक्ते होते. म्हणजे एकाच जागेवरचा दुकानदार दर मक्त्याला बदलू शकायचा. आजीला आठवणारा माणूस म्हणजे त्या दुकानाचा ‘संस्थापक’ असं समजू नका.

आणि हे नुसतं पिण्याचं ठिकाण नव्हतं. ८ मे १९३० ला गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात लोक रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडं तोडायला निघाले. सरकारच्या दारूच्या उत्पन्नावर घाव घालायचा, असा विचार होता. गोळीबार झाला, शंकर शिवदारे पडले, शहर पेटलं, आणि काही दिवसांत मार्शल लॉ लागला. त्याआधी ६ एप्रिलला नगरपालिकेवर तिरंगा चढला होता. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. या चौघांच्या चार पुतळ्यांशी रोज रिक्षा बदलणाऱ्या आपल्या लोकांना हे ठाऊक आहे. पण त्या साखळीच्या सुरुवातीला शिंदीचं झाड होतं हे सहसा कुणी सांगत नाही. तुमच्या बोळातलं शिंदीचं दुकान त्या दिवसांत उघडं होतं का, हे स्वतः बघून सांगणारा माणूस आता उरलेला नाही. पण मार्शल लॉच्या गोष्टी घरोघर दुसऱ्या पिढीला माहीत असतात, त्यांना विचारा.

मग १९४९ चा दारूबंदी कायदा आला. शिंदीची दुकानं कायद्याने संपली, चोरून चाललं ते वेगळं. साठच्या दशकात बंदी सैल झाली, परवाने आले, पुढे देशी दारूची दुकानं आणि परमिट रूम. त्यामुळे ‘आमचा बार पणजोबांपासून’ असं कुणी म्हणालं तर हसून मान डोलवा आणि परवान्याचं साल विचारा. परमिट रूमच्या भिंतीवर परवाना टांगलेला असतो, एफएल-३ लिहिलेला. देशीच्या दुकानाला सीएल-३. त्या दोन काळांच्या मध्ये खंड आहेच. जागा एक असेल, कदाचित कुटुंबही एक असेल, धंदा मात्र नवा.

म्हाताऱ्या माणसांशी बोलताना साल विचारलं की ते अंदाजाने काहीतरी ठोकतात, आणि पुन्हा विचारलं की दुसरंच सांगतात. त्याऐवजी खुंट्या द्या. रझाकारांच्या वेळी निजामाच्या हद्दीतून लोक पळून सोलापुरात आले, तेव्हा दुकान होतं का? नवे पैसे आले तेव्हा गल्ल्यावर कोण बसायचं? बहात्तरच्या दुष्काळात कापड कुणी घेत होतं का? भूकंपाच्या रात्री कुठे झोपलात? अशाने दोन-तीन वर्षांच्या आत काळ बांधता येतो. आणि गड्ड्याची यात्रा विसरू नका. संक्रांतीला उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात. मिरवणुकीच्या वाटेवरच्या दुकानदारांना त्या चार दिवसांतलं सगळं लख्ख आठवतं: कोण पाणी द्यायचं, कोणत्या ओट्यावर कोण उभं राहायचं, होम मैदानावर कुणी पाल टाकलं, कापडाचा खप किती व्हायचा. ज्या आप्पांना दुकानाचं साल सांगता येत नाही, तेच नंदीध्वज कोणत्या वर्षी पावसात निघाले ते सांगतील.

जाताना कानडी आणि तेलुगू बोलणारं कुणीतरी सोबत न्या. मराठीत विचारलं की मराठीत उत्तर मिळतं, पण भांडणाची, प्रेमाची आणि पैशाची गोष्ट माणूस घरच्या भाषेतच सांगतो. पूर्व भागातले पद्मशाली विणकर म्हणजे तुमच्या पणजोबांचे पुरवठादार असू शकतात. लुगडी, चादरी कुठल्या मागावरून यायच्या ते तिकडूनच कळेल.

शेवटचा मुद्दा मन न दुखवण्याचा, आणि इथे मी फक्त वकील म्हणून बोलतो. जुन्या बाजारात मालक आणि भाडेकरू यांच्यात दावे चालू असतात. १९४७ च्या भाडे कायद्यापासून आजच्या १९९९ च्या कायद्यापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या. अशा वेळी तुम्ही भोळेपणाने छापलेलं ‘अमक्यांचे मालकीचे दुकान’ किंवा ‘त्यांनी वरचा मजला नंतर बांधला’ हे वाक्य कुणीतरी कोर्टात दाखवेल. ते पुरावा म्हणून किती टिकेल तो भाग वेगळा, त्रास व्हायचा तो होतोच. म्हणून ‘मालक’ हा शब्द फक्त मिळकत पत्रिका समोर असेल तरच वापरा, नाहीतर ‘दुकान चालवणारे’ म्हणा. पोटभाडेकरू, पागडी, वाढीव बांधकाम यांचा उल्लेख जिवंत प्रकरणात नकोच. शिंदीच्या दुकानाचं गिऱ्हाईक नावानिशी लिहू नका, तुमच्या स्वतःच्या आजोबांचं सोडून. त्यांचंही घरात विचारून. ज्यांच्याकडून आठवणी घेतल्या त्यांना तो भाग छापण्याआधी वाचून दाखवा. ते दोन ठिकाणी दुरुस्त करतील आणि बहुतेक वेळा त्या दुरुस्तीबरोबर लेखापेक्षा चांगला एखादा किस्सा देतील.

सुरुवात मी कुठून केली असती म्हणाल तर निबंधक कार्यालयातून, शेजारच्या मिळकतींच्या सूचीपासून. तिथे वेळ लागतो आणि कारकुनाशी गोडीत वागावं लागतं. म्हातारी माणसं मात्र थांबत नाहीत. तेव्हा कागदाचा अर्ज टाकून ठेवा आणि नक्कल मिळेपर्यंत गल्लीत बसा. दुपारी तीननंतर गिऱ्हाईक कमी असतं.